कठडा नसलेला जिना

मला ताप आला की मी एक कादंबरी वाचतो. नेहमी तीच. गोळ्याही घेतो, पण कादंबरीशिवाय त्या लागू पडत नाहीत असा अनुभव आहे. कादंबरी चांगली आहे असं माझं म्हणणं नाही. तिच्यात पहाट उगवायला लागली की उगवतच राहते, नायक विचारात पडला की वाचकाने खुशाल चहा टाकून यावा, आणि त्यातलं प्रेमप्रकरण वाचताना त्या दोघांची एकमेकांपासून सुटका करावीशी वाटते. तिचं नाव इथे सांगत नाही, कारण आमच्या प्रकाशनाच्या मालकांना ती अजूनही खपेल अशी आशा आहे. पण ती ज्या इमारतीत घडते त्या इमारतीत मी जन्मलो, आणि ती इमारत आता फक्त त्या कादंबरीतच शिल्लक आहे.

काचेच्या कारखान्यामागे कामगारांसाठी बांधलेली तीन मजली, लांबट, आगगाडीच्या डब्यांसारखी खोलीला खोली जोडलेली इमारत. आमचे वडील भट्टीवर होते. मी शाळेत जायला लागलो आणि कारखाना बंद पडला; दोन्हींचा संबंध नाही असं वडील म्हणायचे. बिऱ्हाडं पांगली. आता तिथे एका अजस्र दुकानाचा वाहनतळ आहे. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. जिथे आमची खोली असायला हवी होती तिथे, म्हणजे जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर हवेत, अर्थातच काही नव्हतं. खाली एक पांढरी गाडी उभी होती आणि तिच्या काचेआडून एक कुत्रा माझ्याकडे बघत होता, पत्ता चुकलेल्या माणसाकडे बघावं तसा. त्याचंही बरोबर होतं.

पुस्तक उघडलं की मात्र सगळं जागच्या जागी असतं. खिडकीच्या कट्ट्यावर कितीदा पुसली तरी पुन्हा बसणारी काजळी. अंगणातल्या मातीत सापडणारे हिरवे-तपकिरी काचेचे गोळे, जे खिशात घालून पोरं खिसे फाडून घ्यायची आणि मग मार खायची. तळमजल्यावरचा नळ, जो सोडला की वरच्या मजल्यापर्यंतचा पाइप आजारी माणसासारखा कण्हायचा. आणि जिना. उभा, लाकडी, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. कठडा कारखान्याने दुरुस्तीला नेला होता. तो अजून दुरुस्त होतोय.

हे सगळं लिहिणारा माणूस आमच्याच इमारतीतला. वरच्या मजल्यावर राहायचा. उंचीमुळे आणि चालीमुळे सगळी पोरं त्याला उंटदादा म्हणायची, आणि पुढे तो लेखक झाला तरी आम्ही तेच म्हणत राहिलो. त्याने आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. त्यातल्या पहाटा सोडल्या तर तेवढी पुरे होती.

आता आईबद्दल. माझी आई मी तीन वर्षांचा असताना गेली आणि मला ती आठवत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की ते बोलताना माझा चेहरा आपोआप नम्र होतो. वडिलांना विचारलं तर म्हणायचे, “चांगली होती.” बाहेर हवा कशी आहे विचारल्यावर सांगावं तसं. मग उठून काहीतरी शोधायला लागायचे, जे बहुतेक त्यांच्या हातातच असायचं. फोटो एकच. कारखान्याच्या कसल्याशा समारंभात सगळ्या बायकांना एकत्र उभं करून काढलेला. आई मागच्या रांगेत होती, आणि पुढच्या बाईने नेमका त्याच क्षणी केस सारखे करायला हात वर केला. त्यामुळे माझ्याकडे आईचा एक कान आणि थोडं कपाळ आहे. कान चांगला आहे.

कॉलेजात असताना ती कादंबरी माझ्या हाती लागली. सातव्या प्रकरणात एक पान आहे. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा होतो, आणि एक किडकिडीत बाई ओल्या हातांनी खोलीतून निघून जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहते. अंगणात खेळणाऱ्या पोरांना एकेकाच्या नावाने हाक मारते, फक्त आपल्याच नाही, सगळ्या मजल्यांवरच्या. जे पोर ऐकत नाही त्याच्या अंगावर वरून बोटांनी पाणी शिंपडते. तिला एक मुलगी आहे आणि एक नुकता चालायला लागलेला मुलगा. पुढच्या हिवाळ्यात ती तापाने जाते, आणि मग संध्याकाळी भोंगा झाला तरी पोरं तशीच उभी राहतात, कारण हाक मारायला कुणी नसतं. उंटदादाने हे पान कसं काय लिहिलं कोण जाणे. त्यात पहाट नाही, विचार नाहीत. नुसती बाई आहे.

मी ते पुस्तक घेऊन ताईकडे गेलो. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी; आईनंतर तिनेच मला वाढवलं, आणि वाढवताना मारलंही. मी पान पुढे धरून विचारलं, ही आई का? तिने पानावरून नजर फिरवली आणि म्हणाली, हो.

तेव्हापासून मला आई आहे. पाण्याचे थेंब तर मला आठवतातच. मानेवर, गार, आणि त्याला किंचित साबणाचा वास. माझी मुलगी लहानपणी सकाळी उठायची नाही तेव्हा मी ओल्या बोटांनी तिच्या तोंडावर पाणी उडवायचो आणि सांगायचो, तुझी आजी असंच करायची. आता ती तिच्या मुलाला तसंच उठवते. घराण्याची परंपरा म्हणतात ती हीच. काही घराण्यांत तलवारी असतात.

त्याच वाचनात आणखी एका जागी मी मोठ्याने हसलो होतो. तीही जागा पाठ आहे: “मधल्या मजल्यावरची बाई जिना उतरत नसे, ती जिना बसत असे. पोटाशी गाठोडं धरून, एकेका पायरीवर बूड टेकत ती खाली येई, आणि आम्ही पोरं खाली उभी राहून तिच्या प्रत्येक पायरीला एक टाळी देत असू. शेवटच्या पायरीवर ती उठे, कपडे झटकी, आणि घोड्यावरून उतरल्याच्या थाटात चालू लागे.” एवढंच. ही बाई पुन्हा पुस्तकात येत नाही. तापात सुद्धा या ओळींना मी हसतो. पुढे मी वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहायला लागलो, त्याला या चार ओळी थोड्याफार जबाबदार आहेत असं मी कुणीतरी विचारलं तर सांगणार होतो. कुणी विचारलं नाही.

सदराने घर चालत नाही म्हणून मी एका प्रकाशनात संपादक आहे. संपादक म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात पंगत आवरती घेणारा माणूस. गेल्या वर्षी मालकांच्या मनात आलं की उंटदादाची कादंबरी पुन्हा काढावी. मालक वाईट नाहीत, फक्त त्यांना पुस्तक हातात घेऊन तोलायची सवय आहे. त्यांनी जुनी प्रत तोलली आणि म्हणाले, जाड आहे. आजकाल जाड पुस्तक बघून माणूस उघडण्याआधीच दमतो. तिसरा हिस्सा उतरव.

मी उतरवला. जुन्या प्रतीची पानं सुटी करून, लाल पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसलो. आमची पद्धत अशी की जे काढायचं त्यावर पट्टीने सरळ रेघ मारायची. नंतर मन बदललं तर खोडायचं नाही. त्या ओळीखाली ठिपके द्यायचे. ठिपके दिसले की मांडणीवाल्यांना कळतं, जसं होतं तसं राहू दे. पश्चात्तापाला आमच्या धंद्यात एवढीच जागा आहे.

पहाटा गेल्या. विचार गेले. प्रेमप्रकरण दोन भेटींवर आलं आणि सुखी झालं. जिना बसणाऱ्या बाईच्या चार ओळीही मी काढल्या. कुणाच्या बसण्या-उठण्यावरचा विनोद आता चालत नाही, कथानकात तिचं काम नाही, आणि खरं म्हणजे मी स्वतः विनोदी लिहीत असल्यामुळे दुसऱ्याचा विनोद कापताना माझा हात जरा जास्तच मोकळा चालतो. समासात मी “उथळ” असा शेरा लिहिला. सातव्या प्रकरणातल्या त्या पानाला मात्र पेन्सिल लावली नाही. मालकांनी विचारलं असतं तर सांगायला तीन कारणं तयार ठेवली होती, त्यातलं एकही खरं नव्हतं.

पण अडचण भलतीकडूनच आली. काटछाट केलेली प्रत उंटदादाकडे संमतीसाठी पाठवली होती, ती परत आली. मी जे जे कापलं होतं त्यावर त्याने एका अक्षराने तक्रार केली नव्हती. फक्त जे मी ठेवलं होतं, नेमकं ते पान, त्याने निळ्या शाईने उभं-आडवं कापलं होतं आणि खाली लिहिलं होतं, हे काढा.

मी त्याच दिवशी त्याच्याकडे गेलो. माझी आई एकाच पानावर होती आणि तो माणूस ते पान फाडत होता; फोनवर बोलण्यासारखा हा विषय नव्हता.

उंटदादा आता सत्तरीला टेकलाय. गुडघे गेलेत, त्यामुळे त्याची चाल पूर्वीपेक्षा अधिक उंटासारखी झालीय. दार त्यानेच उघडलं. म्हणाला, “ये बारक्या. त्या खुर्चीवर नको बसू, तिचा पाय माझ्या पायासारखा आहे.” माझे केस पिकलेत, पण त्या इमारतीतल्या माणसांना मी बारक्याच आहे.

मी आडवळणाने सुरुवात केली. म्हटलं, सगळ्या पुस्तकात उत्तम उतरलेलं तेच एक पान आहे. तो म्हणाला, म्हणूनच काढ. मी खोटं लिहितो तेव्हाच चांगलं लिहितो. मी विचारलं, खोटं काय आहे त्यात? त्याने गुडघा चोळत सांगितलं की ती बाई म्हणजे त्याची मावशी. नवऱ्याने सोडलेली, बहिणीकडे येऊन राहिलेली. हाका मारणं सोडाच, पोरांना ती दारात उभं करत नसे. पाणी शिंपडायची हे खरं, पण बोटांनी नव्हे, बादलीने, आणि कपडे धुतलेलं.

“मग मुलगी? आणि लहान मुलगा?” मी विचारलं.

“ते मी जोडले. पोरं असली की वाचक रडतो.” मग म्हणाला, “ती मेली तेव्हा मला वाईट वाटलं, म्हणून अशी लिहिली. मेलेल्या माणसाला थोडं बरं लिहिलं की आपल्याला झोप लागते. आता तशीही लागत नाही मला. म्हटलं, निदान खोटं तरी कमी करावं.”

मी म्हटलं, “दादा, मला ती माझी आई वाटायची.”

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी हसू यायला लागलं होतं ते अर्ध्यात थांबलं. मग तो मनापासून आठवायला लागला. डोळे मिटून. भट्टीवाल्याची बायको, मधला मजला, असं पुटपुटत त्याने बहुतेक सगळ्या खोल्यांची दारं एकेक करून उघडून पाहिली असावीत. बराच वेळ लागला.

“नाही रे आठवत,” तो शेवटी म्हणाला. “मला तेव्हा मिशा फुटत होत्या, सगळं लक्ष त्यांच्याकडे होतं. पण असेल ती पुस्तकात कुठेतरी. मी कुणाला सोडलं नाहीये.”

मग बहुधा माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने दयाळू सूचना केली. ते पान मला हवंच असेल तर मी ठेवावं. मावशीला काय फरक पडतो. माझी आई म्हणून घ्यावी आणि खुशाल ठेवावी. जुना कोट द्यावा तसं त्याने ते दिलं, अंगाला होईल का अशा नजरेने. मी विचार करतो म्हणालो. निघताना त्याने दारापर्यंत यायचा प्रयत्न केला, मी नको म्हटलं. त्याच्या इमारतीच्या जिन्याला कठडा आहे. मी तो खालपर्यंत धरून उतरलो. मला त्याची गरज नाही, पण त्या दिवशी धरला.

तिथून थेट ताईकडे गेलो. ताईचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँटी आखूड करणं, चेन बसवणं, लोकांची पोटं वाढली की शिवण उसवून देणं. दुकान एवढं अरुंद आहे की गिऱ्हाईक आत आलं की ताईला मशीनवरून उठता येत नाही, आणि तिच्या मते यातच दुकानाची भरभराट आहे. कानामागे खडू, तोंडात टाचण्या. मी स्टुलावर बसलो. तिने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “कोण गेलं?”

मी म्हटलं, कुणी नाही. मग म्हटलं, एका अर्थी आई. आणि उंटदादाने जे सांगितलं ते सांगितलं.

ताईने मशीन थांबवलं नाही. पँटच्या एका पायाची दुमड पूर्ण केली, दुसरा पाय सुईखाली सरकवला, आणि टाचण्या तोंडातून काढून डबीत टाकत म्हणाली की कधीतरी कळणारच होतं. मी विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, तू ती पाण्याची गोष्ट पोरीला सांगायला लागलास तेव्हाच कळलं, माझी आई मला ओळखता येत नाही का.

“मग हो कशाला म्हणालीस?”

“तू दारात उभा. हातात पुस्तक. तोंड असं, की कुणी खायला देतंय का बघतोयस. एका शब्दाचं काम होतं, दिला.” मग ती म्हणाली, “मी ते पान वाचलंसुद्धा नाही. पुस्तकच नाही वाचलं. जिथे राहिले ते आणखी वाचत कशाला बसू? तिथली काजळी अजून नाकात आहे माझ्या.”

हेही मला नवीन होतं. आमच्या घरात त्या जागेबद्दलचं मी सगळं वाचून जाणत होतो, आणि जी तिथे खरोखर वाढली तिने एक पान उलटलं नव्हतं.

मी म्हटलं, ठीक आहे, मग आता तू सांग. कशी होती? चांगली होती असं सांगू नकोस, ते बाबांनी सांगितलंय. एक काहीतरी खरं सांग.

ताईने मशीन बंद केलं. हे क्वचित होतं. तिने इतकी वर्षं सांगितलं नव्हतं याला लपवाछपवी म्हणता येणार नाही. तिला कुणी असं विचारलंच नव्हतं. मी पुस्तकाला विचारत आलो होतो.

“ती जिन्याला भ्यायची,” ताई म्हणाली. “कठडा नव्हता ना. बसून उतरायची. एकेक पायरी, अशी.” आणि तिने स्टुलाच्या कडेवर हाताने दाखवलं, तळवा टेकवत, उचलत, टेकवत.

पुढचं वाक्य मला पाठ होतं. तरी मी तिला बोलू दिलं.

“पोरं खाली टाळ्या वाजवायची. प्रत्येक पायरीला. मीपण वाजवल्यात. सगळी वाजवतायत, मी एकटी काय तोंड पाडून उभी राहू? एकदा एका मुलीने विचारलं, ती तुझी आई ना गं? मी म्हटलं, नाही, शेजारची आहे.” तिने कानामागचा खडू काढला, बघितला, परत ठेवला. “तिने ऐकलं असणार. माझा आवाज तेव्हाही मोठाच होता.”

“आणि शेवटच्या पायरीवर उठायची,” मी म्हटलं. “कपडे झटकून. मग थाटात चालायची.”

“हो,” ताई माझ्याकडे वळली. “तुला कसं माहीत?”

“अंदाज.”

“तशीच चालायची. जसं काही झालंच नाही.”

मला तिथेच थांबता आलं असतं. पण संपादकाला अर्धवट वाक्य बघवत नाही. मी विचारलं, “हातात गाठोडं असायचं का?”

“गाठोडं कसलं? तू असायचास.” ताईने हे अगदी साधेपणाने सांगितलं. “चादरीत गुंडाळलेला. चांगला चालायला लागला होतास तरी सोडायची नाही. तिला चक्कर यायची. बाबांनासुद्धा सांगितलं नव्हतं, मला तेवढं एकदा बोलली होती, की मी पडले तर पडले, हा हातातून सुटायला नको. म्हणून बसून. पुढे डोक्यातलं ते दुखणं कळलं तोवर उशीर झाला होता. आम्ही काय, आम्ही टाळ्या वाजवत होतो.” मग तिने मशीन चालू केलं आणि शिवण संपवली. दात लावून धागा तोडला. “तुला नाही ना काही आठवत?”

“नाही,” मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं. थेंबही गेले होते.

तिने चहा मागवला. आम्ही तो दोघांनी प्यायला. त्या चार ओळींबद्दल मी तिला सांगितलं नाही. तिने पुस्तक वाचलं नाही हे एका परीने बरंच झालं. आम्ही पोरं टाळी देत असू, या “असू”मध्ये ती आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी प्रत काढली. आधी सातवं प्रकरण. लेखकाची इच्छा होती आणि पानही त्याच्याच मावशीचं होतं, त्यामुळे निळ्या रेघांवरून मी पट्टीने माझी लाल रेघ मारली. बाई ओल्या हातांनी वर उभी होती. माझ्या मुलीला सांगावं लागेल असं वाटलं, आणि मग वाटलं नको, तिचं पोरगं पाण्याने उठतंय ना.

मग ती दुसरी जागा शोधली. माझी रेघ अगदी सरळ होती. मी कापतो नीट, ते कबूल करायला हवं. बाई, गाठोडं आणि टाळ्या, तिन्ही एका रेघेत कापले होते. बाजूला माझ्याच सुवाच्य अक्षरात “उथळ”. मी पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्या शब्दापासून ठिपके द्यायला लागलो. एका ठिकाणी हात थांबला. “गाठोडं” हा शब्द बदलायचा मला अधिकार होता. एवढा एक शब्द बदलला असता तर अंगणात हसू थांबलं असतं. पण उंटदादा खाली उभा होता, आणि खालून त्याला गाठोडंच दिसलं असणार. त्याच्या अख्ख्या पुस्तकात माणसांबद्दल त्याने डोळ्यांनी पाहून लिहिलेलं बहुधा एवढंच होतं. मी तो शब्द तसाच ठेवला, त्याच्या खाली तीन ठिपके दिले, आणि पुढे गेलो. टाळ्यांखालीही दिले.

दुपारी मालक प्रत न्यायला आले. पानं चाळता चाळता तक्रार करत होते. म्हणाले, पुस्तक हलकं झालं ते ठीक, पण एवढ्या पानांत हसायला एक जागा ठेवली नाहीस. माणसं काय तिथे नुसती काजळी पुसत आणि मरत होती? तेवढ्यात त्यांची नजर ठिपक्यांवर गेली. त्यांनी ओठ हलवत वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि हसायला लागले. मालक हसतात तेव्हा आधी खांदे हलतात आणि आवाज नंतर येतो. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

“जिना बसत असे,” ते म्हणाले. “हे कापत होतास? हे राहू दे. हे एक नंबर आहे. घोड्यावरून उतरल्याच्या थाटात!” आणि त्यांना पुन्हा हसू आलं. मग विचारलं, “ही बाई खरी होती की त्याने रचली?”

“खरी होती.”

“कोण?”

मालक अजून हसत होते, आणि चांगलं, पोट धरून हसत होते. अशा हसण्यासाठी मी गेली कितीतरी वर्षं दर आठवड्याला सदर लिहितो आणि ते येत नाही.

“मधल्या मजल्यावरची,” मी म्हटलं, आणि पट्टी खणात ठेवली.